गोबोमाईची जळलेली पेटी

१

गाव दिसायच्या आधीच जळक्या प्लास्टिकचा वास गाडीत शिरला. मी काच वर केली, तरी तो जाईना. मा यासा पुढच्या सीटवर नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

आदल्या दिवशी मतदान झालं होतं. इतकी वर्षं एकमेकांचे गळे कापल्यावर लायबेरियानं पहिल्यांदा रांगेत उभं राहून कागदावर शिक्का मारला होता. मतदान बघायला आलेले परदेशी पाहुणे खूश होते. जिल्ह्याच्या गावी त्यांच्या शिष्टमंडळाचं निवेदन जवळजवळ लिहूनही झालं होतं. आणि सकाळी वायरलेसवर बातमी आली की गोबोमाई गावची मतपेटी जाळली आणि केंद्राध्यक्षबाई मेली.

मी अकोई, लोफा जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीतला दुय्यम अधिकारी. मा यासा झुबा (मोठ्या बाईला इथं आदरानं 'मा' म्हणतात, पुरुषाला 'पा') आमच्याकडे तक्रारींची सुनावणी करत. युद्धाआधी त्या याच भागात शिकवायच्या. मग सीमेपलीकडे पळाल्या, तिथं कायदा शिकल्या आणि परत आल्या. खुनाचा तपास खरं तर पोलिसांचा. पण पोलिसांकडे गाडी नव्हती आणि पेटी आमची होती.

केंद्राध्यक्ष लोर्पू शाळेच्या ओट्याखालच्या सिमेंटच्या गटारात पडली होती. कुणीतरी तिच्यावर लुगडं टाकलं होतं. मा यासांनी ते बाजूला केलं. डोक्याची मागची बाजू फुटली होती. केंद्राचा पांढरा सदरा अंगात तसाच होता आणि छातीपासून कमरेपर्यंत त्यावर जांभळ्या शाईचा मोठा ओघळ होता. शाळेत मुलांना बेरजा शिकवणारी बाई, हसताना तोंडावर हात धरायची. मला तिथं उभं राहवेना.

"आत चल," मा यासा म्हणाल्या.

वर्गात टेबल जागेवर होतं. शिक्का, पॅड, पुठ्ठ्याचा आडोसा आणि बोटाला लावायच्या शाईची बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, झाकण घट्ट. फक्त पेटी नव्हती. ती स्वयंपाकघरामागं सापडली. पारदर्शक प्लास्टिक वितळून चिखलात पसरलं होतं, त्यात अर्धवट जळलेल्या मतपत्रिका माश्यांसारख्या चिकटल्या होत्या.

गावचा मुखिया ओल्ड पा केझेली छत्री घेऊन आमच्या मागोमाग फिरत होता. "शोधायचं काय त्यात, यासा? जेरोम वोलोबाचं काम. पहाटे मी बाहेर आलो तर त्याची पांढरी पिकअप शाळेपुढून जाताना बघितली."

दारात एक गोरा माणूस उभा होता, अंगावरचे कपडे ओलेच. हा होल्टर्मान, मतदानाचं साहित्य पुरवणाऱ्या परदेशी संस्थेचा सल्लागार. रात्री याच गावात, दवाखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत राहिला होता. त्याचे डोळे सुजले होते. "मला शब्द सुचत नाहीत, मिसेस झुबा," तो म्हणाला. "फार चांगली बाई होती. लागेल ती मदत मागा."

"जेरोम कुठंय?" मा यासांनी विचारलं.

"शांतिसैनिकांनी पकडलाय," मुखियाच बोलला. "दवाखान्याच्या कोठारात कोंडलाय. पोरी, देवानं त्याला तुझ्याच हातात दिलाय."

मा यासांचा चेहरा मी पाहिला आणि मान वळवली. युद्धात जेरोमनं याच रस्त्यावर दोर बांधून नाका टाकला होता. त्या नाक्यावर त्यानं त्यांच्या धाकट्या भावाला, कोर्वाला, स्वतःच्या हातानं मारलं होतं.

२

कोठारात औषधांचा आणि घामाचा वास होता. जेरोम खोक्यावर बसून कसाव्याचा शिजवलेला कंद खात होता. लढाईत लोक त्याला 'जनरल ड्राय सीझन' म्हणायचे, कारण तो गेला की मागं हिरवं काही उरायचं नाही. आता त्याच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता आणि तो या भागातून संसदेला उभा होता.

"या मा, बसा," तो म्हणाला. "जेवलात का?"

"लोर्पूला मारलंस?"

"नाही."

"पेटी जाळलीस?"

त्यानं बोटं चाटून पुसली. "मा, मी काय काय जाळलंय ते तुम्हाला ठाऊक आहे. खोटं कशाला बोलू? पण त्या पेटीत माझी मतं होती. स्वतःच्या मतांना काडी लावायला मी खुळा आहे का?"

"तुझी मतं? या गावात? इथं तुझ्या नावावर लोक थुंकतात."

"गावाची नाही हो. माझ्या पोरांची." त्याला खरोखर हसू येत होतं. "माझी पोरं सकाळी आली, दुपारी आली, संध्याकाळीही आली. कुणाकुणाची कार्डं घेऊन. मेलेल्यांचीही होती."

"बोटाला शाई असताना?" मी विचारलं.

"कसली शाई, साहेब. आधी पोरं पेट्रोल घेऊन आली होती घासायला. लागलंच नाही. थुंकीनं जात होती."

तो हे असं सांगत होता जणू शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. मा यासा उठल्या. दारापर्यंत गेल्या, तेव्हा मागून तो हळूच म्हणाला, "मा, तुमच्या भावाबद्दल एक सांगतो. तो रडला नाही. सरळ उभा राहिला होता. मी मान दिला त्याला."

मा यासांनी चौकटीला हात टेकला. मग बाहेर आल्या, पडवीच्या कडेला वाकल्या आणि सकाळचा चहा सगळा ओकून टाकला.

"टांगू या याला," मी म्हणालो. "कुणी विचारणार नाही."

"तेच तर," त्या तोंड पुसत म्हणाल्या. "कुणीच विचारणार नाही."

३

लोर्पूची आई ओल्ड मा गार्माई. तिच्या अंगणात बायका प्रेताला आंघोळ घालत होत्या. आम्ही कुंपणाबाहेर थांबलो होतो, पण म्हातारीनं मा यासांना हाक मारून आत घेतलं. मी पाठ करून उभा राहिलो. मला फक्त बोलणं ऐकू येत होतं.

"बघ यासा, कसं नीट धुतलं माझ्या लेकीला. रक्त गेलं. बोट पण बघ कसं स्वच्छ निघालं."

"कोणतं बोट, मा?"

"मत दिलेलं. पहिलं मत तिनंच दिलं, सगळ्यांच्या आधी. जांभळं झालं होतं. साबण लावला, गेलं."

मग मा यासा म्हणाल्या, "मा, तिचा सदरा धुतलात?"

"अजून नाही. तिकडं टोपलीत आहे."

त्या बाहेर आल्या त्या सदरा घेऊनच. त्यांनी माझा हात धरून वर केला. आम्ही दोघांनी आदल्या दिवशी जिल्ह्याच्या गावी मत दिलं होतं. माझ्या बोटाचं नख आणि कातडी काळीकुट्ट होती. सकाळी मी दगडानं घासलं होतं, बोट सोलवटलं, डाग हललाही नव्हता.

"अकोई," त्या म्हणाल्या, "तुझं बोट काळं, माझं काळं. लोर्पूचं एका साबणात कोरं कसं झालं?"

"जेरोम म्हणाला तसंच मग. इथली शाई कच्ची होती."

"हो. पण मग टेबलावरची बाटली पाहिलीस ना? ती आण. आणि वाटेत कुणी विचारलं तर सांग, मोजदाद करायचीय."

४

पाऊस थांबून ऊन पडलं होतं. शाळेच्या ओट्यावर मा यासांनी लोर्पूचा सदरा पसरला. मग त्या बाटलीचं झाकण काढून त्यांनी आपलं डाव्या हाताचं कोरं बोट शाईत बुडवलं, सदऱ्याच्या स्वच्छ बाहीवर एक थेंब टाकला आणि बोट उन्हात धरून बसल्या.

खऱ्या शाईत चांदीचं औषध असतं. लावताना ती जांभळी दिसते, पण ऊन लागलं की कातडीत काळी होऊन बसते. साहित्य वाटताना होल्टर्माननंच आम्हाला हे शिकवलं होतं, मोठ्या कौतुकानं.

आमच्या डोळ्यांदेखत बोट तपकिरी झालं, मग काळं. बाहीवरचा थेंबही काळवंडला. छातीवरचा ओघळ मात्र जसाच्या तसा, लग्नातल्या फुलांसारखा जांभळा. मी ओंजळीत पाणी घेऊन त्याची एक कड चोळली. ती फिकी पडली.

"म्हणजे ही बाटली ती नव्हेच," मी म्हणालो.

"नव्हेच. आणि दिवसभर अख्ख्या गावाची बोटं बुडाल्यावर बाटली गळ्यापर्यंत भरलेली राहते का? आपण दोघांनी सकाळी ती पाहिली आणि आंधळ्यासारखे पुढं गेलो. लोर्पूच्या हातात कच्ची बाटली होती, ती झटापटीत तिच्या अंगावर सांडली. मारणाऱ्यानं ती नेली आणि तिच्या जागी पक्की ठेवली. आता सांग, कच्ची शाई लपवायची गरज कुणाला? जेरोमला?"

"त्याच्या फायद्याचीच होती. आणि पेटी मोजली गेली असती तर तोच पुढं गेला असता."

"बरोबर. पण मोजली असती तर मतदारांपेक्षा मतं जास्त निघाली असती. मग पहिला प्रश्न शाईचा आला असता." त्या थांबल्या. "पेटीत कुणाची मतं आहेत याच्याशी त्या माणसाला देणंघेणं नव्हतं. फक्त ती कुणी मोजायला नको होती."

मला समजलं होतं, पण तोंडातून नाव निघेना. मी म्हणालो, "आणि मुखियानं पाहिलेली पिकअप?"

"ती तूच सांग. आज येताना ओंडक्यांच्या पुलाशी काय पाहिलंस?"

मी कपाळावर हात मारला. जेरोमची पिकअप मतदानाच्या दुपारपासून त्या पुलात रुतून बसल्याचं कालच वायरलेसवर आलं होतं. आज येताना ती तिथंच होती, पुढची दोन्ही चाकं काढलेली.

ओल्ड पा केझेलीला आम्ही चौकातल्या गोल झोपडीत गाठलं. त्यानं आधी रिवाजाप्रमाणे स्वागताची कोला नावाची फळं पुढं केली. मा यासांनी हात लावला नाही, तेव्हाच तो समजला.

"पा, पिकअप पुलात आहे."

"असेल."

"मग तुम्ही काय पाहिलंत?"

"काही नाही. पाऊस पाहिला." म्हातारा शांतपणे छत्री मिटत राहिला. "यासा, त्या माणसानं माझं घर पेटवलं तेव्हा आत माझी दोन नातवंडं होती. तेव्हा साक्षीदार भरपूर होते, कुणी विचारायला आलं नाही. आता साक्षीदार नाही तर मी झालो. बिघडलं काय?"

"लोर्पूला ज्यानं मारलं तो सुटतो, हे बिघडलं."

"आणि कोर्वाला मारलं तो? तो सुटलेला चालतो तुला? बहीण म्हणवतेस."

मा यासांच्या ओठांचा रंग उडाला. मला त्या म्हाताऱ्याची किळस आली, आणि लगेच स्वतःचीही, कारण दुपारी मीही तेच म्हणालो होतो.

राहिला पहाऱ्याचा शिपाई मॉरिस. त्यानं सकाळी लिहून दिलं होतं की जनरेटर बंद पडला, मोजणी सकाळवर गेली, तो दारात बसला होता आणि पहाटे जेरोमची माणसं दिसताच जीव घेऊन पळाला.

"मॉरिस," मा यासा म्हणाल्या, "सकाळी तुझ्या अंगावर चिखलाचा ठिपका नव्हता. पाऊस असा होता आणि तू पळालास?"

तो अंगठ्यानं जमीन उकरायला लागला.

"तुला घरी कुणी पाठवलं, बाळा?"

"मिस्टर होल्टर्मान," तो पुटपुटला. "संध्याकाळी उरलेलं साहित्य गोळा करायला आले. नदीपलीकडच्या गावांतल्या बाटल्या त्यांनी आधीच गोळा केल्या होत्या. मिस लोर्पू म्हणाली, बाटली देणार नाही. उद्या पाहुणे येतील, त्यांच्या पुढ्यात याच शाईत बोट बुडवून धुऊन दाखवणार. ते आधी गोड बोलले, मग भांडले. मग मला म्हणाले, जा झोप, पहाऱ्याचं मी बघतो. सकाळी म्हणाले, संस्थेच्या आवारात मला कायमची नोकरी."

"आणि जेरोमचं नाव घ्यायला?"

"ते त्यांनी नाही सांगितलं, मा. ते सगळं गावच म्हणत होतं. मी पण म्हणालो."

५

होल्टर्मान दवाखान्याच्या खोलीत आपली कपड्यांची बॅग भरत होता. मा यासांनी सदरा त्याच्या खाटेवर ठेवला आणि आपली दोन्ही काळी बोटं दाखवली. फार बोलावंच लागलं नाही. तो खाली बसला.

"साठा येताना ट्रक उलटला," तो म्हणाला. "निम्म्या बाटल्या फुटल्या. तारीख पुढं ढकलली असती तर सगळी प्रक्रियाच कोसळली असती. जखमांना लावतात ते जांभळं औषध दवाखान्यात होतं, पाण्यात मिसळलं. फक्त तीन दूरच्या गावांसाठी."

"आणि पक्क्या बाटल्या?"

"एक नमुन्याला जवळ ठेवली, बाकी जिल्ह्याच्या गावी दिल्या."

"जिथं पाहुणे फिरणार होते तिथं."

त्यानं बॅगेची चेन अर्ध्यावर ओढली.

"तिला का मारलंत?"

"मारलं नाही. शपथेवर सांगतो. मी पहाटे परत समजवायला गेलो. तिनं बाटली छातीशी धरली होती. मी ओढली, झाकण निघालं, ओटा ओला होता. ती मागं गेली आणि..." त्यानं हातांनी तोंड झाकलं. "मी नाडी पाहिली. काहीच नव्हतं. तुम्ही समजून घ्या, मिसेस झुबा. एका खेड्यामुळं सगळ्या देशाची निवडणूक खोटी ठरली असती. लोक पुन्हा बंदुका उचलतील. मी देशाचा विचार केला."

"लोर्पू कोणत्या देशाची होती?"

त्यानं वर पाहिलं. त्याला प्रश्न कळलाच नाही असं मला वाटलं.

"ती गेल्यावर तुम्ही रडलात," मा यासा म्हणाल्या. "मी सकाळी पाहिलं. मग डोळे पुसून तिची पेटी स्वयंपाकघरामागं नेलीत आणि पेट्रोल ओतलंत. बाटली बदललीत. आणि गावानं जेरोमचं नाव घेतलं तेव्हा गप्प बसलात."

"तो खुनी आहे. तुम्हालाच जास्त माहीत."

"हो. मलाच जास्त माहीत. म्हणून तुमच्या तोंडी ते नको."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याच्या संस्थेची वरिष्ठ अधिकारीबाई हेलिकॉप्टरनं उतरली. चिखलाला जपत, पँट दोन बोटांनी उचलून चालत आली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. अगदी सहानुभूतीनं. मग म्हणाली की करारानुसार तिच्या माणसांवर या देशात खटला चालत नाही, चौकशी त्यांच्या देशात होईल, आणि आज रात्रीच्या निवेदनात 'अज्ञात व्यक्ती' असा शब्द दोघांनाही सोयीचा पडेल.

"आम्हाला सोयीचा कसा?" मी विचारलं.

"तणाव वाढणार नाही," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी खांदा काढून घेतला. रात्री तो मी कितीतरी वेळा धुतला असेल.

होल्टर्मान त्यांच्याबरोबर गेला. निवेदन रेडिओवर लागलं. मतदान एकंदर शांततेत पार पडलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी मा यासांनी चौकात उघडी सुनावणी घेतली. शाई, बाटली, सदरा, बोट, सगळं लोकांसमोर मांडलं. नाव घेऊन सांगितलं कुणी काय केलं. मुखिया आणि मॉरिस यांना खोट्या साक्षीबद्दल उभं केलं. जेरोमच्या पोरांची मतंही सांगितली. पण ती मतं राख झाली होती आणि पोरं कोण, हे कुणी पुढं येऊन सांगेना, त्यामुळं त्याची उमेदवारी रद्द करता येईना. पक्क्या शाईनं फेरमतदान घ्यायचं ठरलं. आणि शेवटी, जराही आवाज न चढवता, त्या म्हणाल्या, "लोर्पूच्या मृत्यूत जेरोम वोलोबाचा हात नाही. त्याला सोडा."

गर्दीतून कुणीतरी चिखल फेकला. तो त्यांच्या खांद्याला लागला. त्यांनी पुसला नाही.

जेरोम हात पुढं करून आला. मा यासांनी त्या हाताकडे बघितलं आणि कागद आवरायला लागल्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. पुढचे सगळे दिवस तो गावोगाव हिंडून एकच गोष्ट सांगत फिरला, की जिच्या भावाला मी मारलं म्हणतात तिनंच मला निर्दोष ठरवलं, मग आणखी कुणाचं प्रमाणपत्र हवं? लोक ऐकत होते. काहींना ते पटलं, काहींना भीती वाटली, आणि काहींना वाटलं की हा निवडून आला तर निदान पुन्हा जंगलात जाणार नाही.

फेरमतदान चोख झालं. प्रत्येक बोट काळं झालं, एकही मत दोनदा पडलं नाही. जेरोम जिंकला. अगदी नियमानं.

निकालाच्या कागदावर सही करून आम्ही गाडीकडे निघालो. मी विचारलं, "मा, पश्चात्ताप होतो?"

"घाण वाटते," त्या म्हणाल्या. "पश्चात्ताप वेगळा."

गाडीपाशी ओल्ड मा गार्माई उभी होती. तिच्या हातात सालं काढलेली संत्री होती. ती आम्हाला दिली आणि म्हणाली, "यासा, त्या माणसाला शिक्षा होणार का?"

मी खाली बघितलं. मा यासांनी खोटं सांगितलं नाही. "नाही, मा. तो त्याच्या घरी गेला. तिथं त्याला कुणी काही करेल असं मला वाटत नाही."

"मग तू एवढं शोधलंस कशाला?"

"तुम्हाला खरं माहीत असावं म्हणून."

म्हातारी विचार करत राहिली. "त्याचं नाव काय गं? पुरं नाव. चौकात तू म्हणालीस ते माझ्या कानात राहिलं नाही."

"योआखिम होल्टर्मान."

"योआ..." तिची जीभ अडली. "परत सांग."

मा यासांनी संत्री बॉनेटवर ठेवली आणि म्हातारीच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. त्या एकेक तुकडा तोडून सांगत होत्या आणि म्हातारी त्यांच्या ओठांकडे बघत तो तोंडात घोळवत होती. चुकली की मान हलवून पुन्हा सुरुवातीपासून. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती, ती मी बंद करायला लावली. शेवटी तिला ते अडखळल्याशिवाय जमलं. तिनं ते आणखी एकदा म्हणून पाहिलं, मोठ्यानं, आणि मग तेच म्हणत म्हणत घराकडे चालायला लागली.